डब्यांची वही: नववीतल्या एका मुलाचं आणि त्याच्या घराचं प्रकरण

मी थेरपिस्ट आहे, एकट्या मुलाऐवजी अख्ख्या घराला समोर बसवून काम करते. आधीच सांगते, या घरातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदललेत आणि दोन-तीन घरांतले प्रसंग एकत्र केलेत, नावं तर देतच नाहीये. जागा नाशिकची सातपूर-अंबडची एमआयडीसी समजा. मुलाला मी थोरला म्हणते, कारण त्याची आजी त्याला तेच म्हणते.

फोन आईचा आला होता. "मॅडम, मुलगा हाताबाहेर गेलाय, उद्या आणून सोडते, तुम्ही जरा समजवा त्याला." वय १५, नववी, सकाळची शाळा. तक्रारी ऐकताना मला लिहून घ्यायला हात पुरेना. आठवड्यातनं दोन-तीनदा शाळेला दांडी मारून पोरांबरोबर पांडवलेणीच्या पायथ्याशी बसणं, बाबांच्या मोबाईलवरून फोनपे करून ३,४०० रुपये उडवणं (निम्मे गेममधल्या डायमंडमध्ये, निम्मे मित्रांच्या वडापावात), बोललं की ताट भिरकावणं, आणि गेल्या पंधरवड्यात आईला ढकललं, तिचा हात ओट्यावर आपटून सुजला. त्याच दिवशी बाबांनी जाहीर केलं की बास झालं, याला होस्टेलला टाकायचं.

मी म्हटलं, त्याला एकट्याला आणू नका, घरातले सगळे या. पलीकडे शांतता. मग, "पण मॅडम, प्रॉब्लेम तर त्याचा आहे ना?"

हा प्रश्न दरवेळी येतो आणि तो विचारणाऱ्या आईची काही चूक नसते, दमलेली असते ती. माझ्याकडे येण्याआधी थोरला एका ओळखीच्या सरांकडे चार वेळा जाऊन आला होता. तिथे मान खाली घालून हो हो म्हणायचा, बाहेर पडला की परत तेच. आठवड्यातला एक तास तो सरांसमोर, बाकीचे १६७ तास घरात, शाळेत, त्या पोरांत. जे काही घडतं ते त्या १६७ तासांत, मग एका तासात एकट्याला बसवून किती हलणार?

होस्टेलबद्दलही तेच. न्यूयॉर्कजवळ विल्टविक नावाची मुलांची निवासी शाळा होती, तिथे १९६० च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ साल्वाडोर मिनुचिन आणि त्यांचे सहकारी काम करायचे. गरीब वस्त्यांमधली, मारामाऱ्या-चोऱ्यांत सापडलेली मुलं. मुलगा शाळेत सुधारायचा, घरी गेला की गाडी पुन्हा पहिल्या रुळावर, हे बघून बघून त्यांनी घरालाच समोर बसवायला सुरुवात केली. आपण आज स्ट्रक्चरल फॅमिली थेरपी म्हणतो, म्हणजे घरात कोण कुणाच्या बाजूला, कुणाचं चालतं ही मांडणीच बदलायची पद्धत, तिचं मूळ बरंचसं तिथे आहे. मी बाबांना हे फोनवर सांगितलं नाही अर्थात. त्यांना फोन केला तो त्यांच्या चहाच्या सुट्टीत, आणि एवढंच म्हटलं की तुम्ही घरातले कर्ते आहात, होस्टेलचा निर्णय शेवटी तुमचाच, पण निर्णयाआधी मला तुमचं म्हणणं तुमच्याच तोंडून ऐकायचंय, शिफ्ट कुठली आहे सांगा, मी त्याप्रमाणे वेळ देते. दुसरी शिफ्ट निघाली, मग शनिवारी शाळा सुटल्यावर, त्यांच्या शिफ्टच्या आधीची वेळ ठरली.

हे फोन करणं म्हणजे थेरपीच्या आधीचं कारकुनी काम नाही, थेरपी तिथूनच सुरू होते. मायामीत मानसशास्त्रज्ञ होजे सापोचनिक यांनी क्युबन आणि इतर स्पॅनिश भाषक कुटुंबांबरोबर नेमकं यावरच काम केलं. १९८८ च्या त्यांच्या अभ्यासात १०८ कुटुंबं होती. नेहमीच्या पद्धतीने बोलावलं त्यातली ४२ टक्के आली, आणि जिथे पहिल्या फोनपासूनच 'या घरात यायला नाही कोण म्हणतंय आणि का' हे ओळखून त्या माणसाशी बोललं गेलं तिथे ९३ टक्के. आपल्याकडे तो नाही म्हणणारा माणूस बहुतेक वेळा बाप असतो, आणि त्याला बेफिकीर ठरवण्याआधी एकदा त्याची शिफ्ट विचारावी असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या दिवशी थोरल्याला २० मिनिटं एकट्याला भेटले. नशापाणी, स्वतःला इजा करायचे विचार, घरात मारहाण, शाळेत कुणी त्रास देतं का, हे सगळं विचारलं. एकदा सिगरेट ओढून झाली होती, बाकी काही नाही. बाबांनी वर्षभरात दोनदा पट्ट्याने मारलं होतं. हे मी बाजूला ठेवू शकत नव्हते. ज्या घरात पोरावर अत्याचार चालू आहे तिथे सगळ्यांना एका खोलीत बसवून 'मोकळं बोला' म्हणणं म्हणजे पोराला रात्री त्याची किंमत मोजायला लावणं. बाबांशी वेगळं बोलले. मारणं आजपासून बंद, ही अट आहे, सल्ला नाही, असं म्हटलं. ते खाली बघून "हो" म्हणाले आणि मी त्या 'हो'वर लगेच विश्वास ठेवला नाही, दर सेशनच्या आधी पोराला आणि त्यांना वेगवेगळं विचारत राहिले. एकदा मानसोपचार डॉक्टरांनाही दाखवून घेतलं. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) नाही, वाचायला-लिहायला ठीक, गणित कच्चं, औषधाची गरज नाही.

मग सगळे आत आले आणि कुणी न सांगता आपापल्या जागी बसले. मला या क्षणाला डोळे उघडे ठेवायला फार आवडतं. आजी आणि थोरला सोफ्यावर शेजारी-शेजारी, आजीचा हात त्याच्या गुडघ्यावर. सहावीतली बहीण आजीच्या दुसऱ्या बाजूला. आई दाराजवळच्या खुर्चीत, पर्स मांडीवर, आत्ता उठून जाईल अशी. बाबा खुर्ची रिकामी असून भिंतीला टेकून उभे, उजवा हात खिशात. पूर्ण पाऊण तास तो हात बाहेर आला नाही. प्रेस मशीनमध्ये दोन बोटं गेली होती, दोन वर्षांपूर्वी, हे आईने फॉर्मवर एका ओळीत लिहिलं होतं आणि मी ती ओळ वाचून पुढे गेले होते. ती माझी चूक, तिच्याकडे येते.

पहिली तीन सेशन नुसता आरोपांचा पाऊस. बाबा म्हणायचे याला लाज नाही, आई म्हणायची तुम्ही घरात असता कधी, आजी म्हणायची सारखं टोचून टोचून लेकराला असं केलं, आणि थोरला छताकडे बघत. अशा वेळी सल्ला द्यायची फार घाई होते आणि तो दिला की वाया जातो. युटा विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स अलेक्झांडर आणि ब्रूस पार्सन्स यांनी फंक्शनल फॅमिली थेरपी बांधली, तिच्यात हा क्रम पक्का आहे. आधी घरातला कडवटपणा खाली आणायचा, घरातल्यांना यावंसं वाटलं पाहिजे, वागणं बदलायचं काम त्याच्यानंतर. मी त्या टप्प्यात एकच गोष्ट करते, प्रत्येक वाराच्या मागे काय दुखतंय ते शोधून त्या माणसाला परत देते.

बाबा म्हणाले, "रात्री बाराला घरी येतो मी, हा मोबाईल घेऊन लोळत असतो, वर बघतसुद्धा नाही."
मी म्हटलं, "दमून आल्यावर त्याने वर बघावं असं तुम्हाला फार वाटतं."
ते काही बोलले नाहीत. थोरल्याने मात्र पहिल्यांदा छतावरून नजर खाली आणली.

चौथं सेशन मी त्यांच्या घरी घेतलं, तेही सकाळी पावणेसहाला, कारण आईच्या मते सगळी महाभारतं सकाळीच होतात. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी, पडवीत गॅसवर डब्यांचा स्वयंपाक. आई डबे देते, आता २५ आहेत. सहाला तिने शेगडीपाशी उभं राहून हाक मारली, "ऊठ रे." तो "हं" म्हणाला. तीन मिनिटांनी पुन्हा, आवाज थोडा वर. मग पुन्हा. पाचव्या हाकेला तिने आत जाऊन पांघरूण ओढलं, तो खेकसला, एक शिवी हासडली, पायाने बादली लाथाडली, पाणी पार मोरीबाहेर. आजी म्हणाली, "राहू दे गं, झोप झाली नाही लेकराची." आईने एकदा पोळपाटाकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि "मर मग" म्हणून पडवीत आली. तो परत झोपला. सहा वाजून अठरा मिनिटं.

या अठरा मिनिटांत कुणी काय शिकलं बघा. पोरगा शिकला की पुरेसं जोरात खेकसलं की आई जाते आणि झोप मिळते. आई शिकली की माघार घेतली की निदान आदळआपट थांबते आणि २५ डबे वेळेत जातात. दोघांनाही त्या क्षणी सुटका मिळाली, म्हणून उद्या दोघंही तेच करणार, फक्त उद्या पहिली पायरी थोडी वरची असणार. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी लोकांच्या घरात माणसं बसवून, असले साधे साधे प्रसंग नोंदवून हे चक्र मांडलं, १९८२ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. मला त्यांचं सगळ्यात पटतं ते हे की यात कुणी वाईट माणूस लागत नाही. तिथे पडवीत उभं राहून बघाल तर आईच्या जागी तुम्हीही माघारच घेतली असती.

आता वहीकडे येते, माझ्यासाठी हे प्रकरण तिथे आहे.

तोवर माझ्या डोक्यात एक नकाशा तयार झाला होता. नवरा-बायको एकमेकांशी बोलतात ते फक्त थोरल्याने काही केलं की, म्हणजे त्याचं वागणं आईबापांना जोडून ठेवतंय. असं अनेक घरांत असतं, पुस्तकातही आहे, आणि मी ते गृहीत धरून दोन सेशन त्या दिशेने ढकलली. पाचव्या सेशनला असंच विचारलं, "घरात शेवटचं बरं कधी वाटत होतं?" बहीण म्हणाली गणपतीत. आजी म्हणाली हे लहान होते तेव्हा. आणि थोरला, ज्याने चार सेशन 'माहीत नाही' सोडून काही म्हटलं नव्हतं, तो म्हणाला, "बाबांचा हात गेला तेव्हा."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. बाबा उठून जातील असं मला वाटलं.

मी म्हटलं, "तेव्हा काय बरं होतं, सांगशील?"

मग तुकड्या-तुकड्याने आलं ते. तो सातवीत होता. बाबा पाच महिने घरी, पगार निम्म्यावर, म्हणून आईने डबे सुरू केले. तेव्हा १८ होते. शाळा दुपारची होती, तर सकाळी सायकलला दोन पिशव्या लावून हाच डबे पोचवायचा, रिकामे आणायचा, महिन्याचे पैसे मागून आणायचा. हिशोबाची वही याच्याकडे. आई विचारायची, "काय रे, महिना निघेल का?" आणि हा वही बघून सांगायचा. तेरा वर्षांचा पोरगा. मग बाबा परत कामावर लागले, त्याच कंपनीत, मशीनवर नाही, स्टोअरमध्ये. पहिल्याच रविवारी त्यांनी वही हातात घेतली आणि म्हणाले, आता तू अभ्यास बघ. डबे पोचवायला एक पोऱ्या ठेवला. बाबांच्या दृष्टीने त्यांनी पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं, यात काही खोटं नाही, कुठलाही शहाणा बाप तेच करेल. पोराला ते कसं लागलं ते कुणी विचारलं नाही. काल ज्याला आई महिना निघेल का विचारत होती त्याला आज बुटाची लेस बांध म्हणून सांगायला लागली. गणित कच्चं तर होतंच. जिथे त्याला जमत होतं ती जागा गेली आणि जिथे जमत नव्हतं तिथे त्याला परत बसवलं.

दांड्या कधी सुरू झाल्या ते मी शाळेतून काढलं. वही गेली त्याच्या पुढच्या सत्रात.

फॉर्मवरची ती एक ओळ मी पहिल्या दिवशी नीट विचारली असती तर चार सेशन वाचली असती. मी बोटांकडे बापाचा अपघात म्हणून बघितलं, अख्ख्या घराचा म्हणून बघितलं नाही.

सहाव्या सेशनला मी म्हटलं ती वही आणा. दोनशे पानी, कव्हर तेलकट, आत पेन्सिलने रकाने आखलेले. "पंपावरचे काका, बाकी १४०." "नर्स ताई, गुरुवारी उपास, डबा नको." "१२ नंबर खोली, तिखट कमी, आईला सांगणे." एका पानावर बेरीज तीनदा खोडून चौथ्यांदा बरोबर. मी बाबांना म्हटलं थोडं वाचून दाखवा. त्यांनी खिशातला हात बाहेर काढला, पान उलटायला दोन्ही हात लागतात ना, आणि वाचायला लागले. चार पानं वाचली. मग म्हणाले, "मला बघवत नव्हतं हो. मी खाटेवर, आणि पोरगा घर चालवतोय." थोरल्याकडे न बघताच म्हणाले, पण म्हणाले. थोरला बहिणीच्या वेणीचं रबर घेऊन बोटात ताणत होता, कान लालबुंद.

मी त्यावर काहीही बोलले नाही. तिथे काही बोलणं म्हणजे त्यांचं वाक्य त्यांच्याकडून काढून घेणं.

यानंतर पोराला परत डबे पोचवायला लावायचं का, तर अजिबात नाही, शाळकरी पोराच्या खांद्यावर घराचा संसार टाकायचा नसतो, आणि हे मी त्याच्यासमोर स्पष्ट बोलले. पण काहीच न देणंही चूक होती. ठरलं ते असं. रविवारी संध्याकाळी एक तास बाबा आणि थोरला मिळून आठवड्याचा हिशोब करणार, वही टेबलावर मध्ये. सकाळी आई एकदाच उठवणार, लांबून हाक नाही, जवळ जाऊन खांद्याला हात लावून, सव्वासहाला. दुसरी हाक नाही. नाही उठला तर शाळेत जाब तो देणार आणि त्या दिवशी संध्याकाळी मोबाईल नाही. रात्री दहाला सगळ्यांचे मोबाईल फ्रिजवर, ज्याला शिफ्टवरून उशीर होईल त्याचाही घरी आल्या आल्या. बाबांनी या शेवटच्या कलमावर बरीच कुरकुर केली, थोरल्याने त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा हसू दाबलं.

आजीचं अवघड होतं. आई नाही म्हणाली की कमरेच्या बटव्यातनं पन्नास-शंभर निघायचेच, मग आईच्या नाहीला काय अर्थ राहतो? पण आजीला 'तुम्ही देऊ नका' म्हटलं की त्या घरात तिचं काय उरतं, हेही बघायला हवं. आयुष्यभर देणारी बाई ती. मग आईबाबांनी मिळून आकडा ठरवला, आठवड्याला १०० रुपये, आणि ते दर शनिवारी आजीच्या हातून द्यायचे, मधे एक रुपया नाही. देणारी आजीच राहिली, किती ते आईबाबांनी ठरवलं. आजीने दोन आठवडे तोंड फुगवलं, तिसऱ्या शनिवारी ती स्वतःच थोरल्याला म्हणाली, "आईला विचार आधी."

पहिला महिना सकाळी उलट जास्त राडा झाला. असं होणार हे आईला मी आधी सांगून ठेवलं होतं, कारण जुनी युक्ती चालेना की पोरं आधी ती अजून जोरात करून बघतात, आणि नेमकं तेव्हाच घरं हार मानतात. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, "मॅडम, तो झोपूनच राहिला, मी दुसरी हाक मारली नाही, पण माझे हात थरथरतायत." मी म्हटलं, तुम्ही जमवलंत. नवव्या दिवशी तो स्वतः उठला, साडेसहाला, शाळेला उशीर झाला, पण गेला.

मग आठव्या सेशनच्या आधी सगळं कोसळलं. थोरला मित्राच्या बाईकवर ट्रिपल सीट जाताना पोलिसांनी धरला, बाबांना चौकीवर बोलावलं, घरी येऊन बाबांनी कानफटात मारली. एकच, पण मारली. त्यांनी मला स्वतः फोन करून सांगितलं. मला ते महत्त्वाचं वाटलं, पण त्याने मार माफ होत नाही, तेही सांगितलं. सेशनमध्ये ते थोरल्याला म्हणाले की हात उचलला ते चुकलं, आणि बाईकवर बसलास तेही चुकलं. एकाच दमात, एकाने दुसरं न झाकता. पंधरा दिवस संध्याकाळी बाहेर जाणं बंद, ही शिक्षा आईबाबांनी बाहेर पडवीत जाऊन दोघांनी मिळून ठरवली आणि आईने सांगितली. "लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर मी त्यांना पहिल्यांदा कुजबुजताना बघितलं," असं आजी म्हणाली.

मित्रांचा प्रश्न उरतो आणि तो खरा आहे. शाळेचा विचार होता की अशा आठ-दहा मुलांचा एक गट करून शनिवारी त्यांचं संस्कार शिबिर घ्यायचं. वर्गशिक्षिकांचा हेतू अतिशय चांगला होता, तरी मी थोरल्यासाठी नको म्हटलं. मानसशास्त्रज्ञ टॉम डिशियन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हे दाखवलं होतं की अडचणीतल्या मुलांनाच एकत्र बसवलं की ती एकमेकांच्या उचापतींवर हसतात, त्या हसण्याने उचापती वाढतात आणि काही मुलं आधीपेक्षा बिघडतात. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्याला शाळेच्या कबड्डीच्या संघात बदली खेळाडू म्हणून घातलं. तिथली पोरं काही साधुसंत नाहीत, पण सकाळी सहाला मैदानावर यावं लागतं.

पाच महिन्यांत चौदा सेशन झाली, त्यातली शेवटची दोन सेशन महिन्याच्या अंतराने. अशा पद्धतीत साधारण तेवढीच लागतात. ज्यांना जवळपास कुणी सापडत नाही त्यांनी निदान सुरुवातीला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलून बघावं, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि जिथे कुणाकडे जाल तिथे पहिल्याच फोनला विचारा की आम्ही सगळे आलो तर चालेल का.

परवा फॉलोअपला आई एकटीच आली होती, बाबांची पहिली शिफ्ट होती. थोरला आता दहावीत आहे. गणिताच्या चाचणीत नापास झाला, शिकवणी लावायची का यावर घरात वाद चालू आहे. त्या पोरांपैकी एक अजून घरी येतो, आजी त्याला चहा देते. ताट मात्र बऱ्याच महिन्यांत भिरकावलं गेलेलं नाही, गेल्या आठवड्यात तो खूप चिडला आणि पडवीच्या पत्र्यावर मूठ मारून बाहेर गेला, अर्ध्या तासाने येऊन जेवला. आईने विचारलं, हे चालेल का? मी म्हटलं, पत्र्याला काय झालं? म्हणाली, थोडा खोलगट झालाय, रविवारी दोघं बापलेक ठोकून सरळ करणार आहेत. पुढची भेट दिवाळीच्या सुट्टीत, सगळ्यांची.